तापातलं दूध

मीनल, तू गेल्यापासून सगळे माझ्याशी फार चांगलं वागताहेत आणि तेच मला सोसवत नाही. मजल्यावरच्या बायका आळीपाळीने डबा आणतात. माझी बहीण कॉटन ग्रीनहून रोज येते, बाळाचे कपडे धुते आणि जाताना पाठीवरून हात फिरवून म्हणते, "किती केलंस गं तू सुनेचं!" मी मान खाली घालते. तिला वाटतं, मला रडू आवरत नाहीये.

आज एकोणीस दिवस झाले. बाळ सात आठवड्यांचं झालं आणि तुझा मात्र सव्वा महिनाही पुरा झाला नाही. तेराव्याला नीलेश येणाऱ्याजाणाऱ्याला एकच गोष्ट सांगत होता. "हॉस्पिटलमध्ये असतानासुद्धा तिने बाळाचं दूध तोडलं नाही. ऑक्सिजनवर होती, तरी रोज काढून पाठवायची." ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. बायका तुझ्या फोटोला पुन्हा एकदा हात जोडायच्या. मी तिथेच सतरंजीवर बसले होते. त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग घरात मला एकटीलाच ठाऊक होता, आणि तो तुलाही ठाऊक नव्हता. तो सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

आपण दोघी भांडायचो हे काही कुणापासून लपलेलं नव्हतं. तू परळच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी, मी विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं कारकुनी करून रिटायर झालेली. दोघींनाही शेवटचा शब्द आपलाच लागायचा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तुझी आई तू कॉलेजात असतानाच गेलेली. मीच म्हटलं, इथेच कर, लालबागमध्ये काय कमी आहे, मी आहे ना. अळीव आणले, डिंक आणला, शेकायला शेगडी आणली. चौदाव्या मजल्यावर शेगडी पेटवली तर अलार्म वाजेल म्हणून तू पोट धरधरून हसलीस. मग मी तव्यावर फडकं गरम करून शेकलं आणि तू मुकाट्याने शेकून घेतलंस. तेवढं तू माझं ऐकायचीस.

बाळ झालं त्या दुपारी माझ्या पर्समध्ये मधाची बाटली होती. आमच्या घरात पहिले तीन दिवस बाळाला मध नाहीतर साखरपाणी, चौथ्या दिवशी आईचं दूध. आधीचा तो पिवळा चिकट चीक पिळून टाकायचा, कारण तो म्हणे शिळा, नऊ महिने साठलेला. माझ्या सासूने माझा टाकला, मी तुझा टाकणार होते. तू कॉटवरूनच बाटली पाहिलीस.

"आई, ते काय काढताय?"

"मध. नुसतं बोट लावते जिभेला."

"बोट पण नाही आणि मध पण नाही. तिला माझ्याकडे द्या."

"अगं, अजून दूध कुठे आलंय? तो चीक आहे. जड असतो, बाधतो बाळाला."

तेव्हा टाके घातलेली, तोंड सुकलेली तू उठून बसायला लागलीस. "गायीच्या चिकाचा खरवस करता, वेलची घालून, जायफळ घालून. दूधवाल्याकडे आठ दिवस आधी सांगून ठेवता. चाटूनपुसून खाता. ते वासराचं असतं, तरी तुम्हाला बाधत नाही. आणि माझ्या मुलीला माझा चीक बाधणार?"

शेजारच्या कॉटवरची बाळंतीण इतकी हसली की तिला टाके धरून बसावं लागलं. बासष्ट वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. मी मधाची बाटली पर्समध्ये टाकली आणि बाळ तुझ्या छातीशी दिलं. चमचाभरही नसेल ते, पण ती गिळताना बारीक आवाज झाला आणि तो आपण दोघींनी ऐकला.

घरी आल्यावर तू मला समजावून सांगितलंस, मी न विचारताच. तू पाजायला बसली होतीस आणि मी समोर बसून शेपूची जुडी निवडत होते. "तिला अजून कोणीच ओळखीचं नाही ना, आई. कुठला जंतू कसा, कुणाला दारातच अडवायचं, काही माहीत नाही. ते शिकायला तिला महिने लागणार. तोवर माझ्या अंगाने आजवर ज्यांच्याशी मारामाऱ्या केल्यात ना, त्यांना अडवणारं जे काही माझ्याकडे आहे ते दुधातून तिला जातं. चिकात तर सगळ्यात जास्त. तिच्या घशात, आतड्यात पहाऱ्याला बसतं." मी म्हटलं, हे सगळं एवढ्याशा दुधात? तर म्हणालीस, "मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात तुम्ही मला मजल्यावरच्या प्रत्येकाची कुंडली सांगितली होतीत. कुणाला आत बसवायचं, कुणाला दारातूनच हसून वाटेला लावायचं. मला फार उपयोग झाला. हेही तसंच धरा."

मला हसू आलं होतं, मीनल. मी शेपूत तोंड खुपसलं म्हणून तुला दिसलं नाही. रात्री बहिणीला फोन करून "आमची सून चीकसुद्धा पाजते हो" असं मिरवलंही होतं. तुझ्यासमोर कौतुक करायची मला लाज वाटायची. आता तुझ्या फोटोसमोर करते, त्याला काय अर्थ आहे.

बाळ दहा दिवसांचं असताना गणपती बसले. लालबागमध्ये राहायचं म्हणजे त्या दिवसांत आपलं घर आपलं नसतं. दर्शनाच्या रांगेत पाय मोडून घेतलेला प्रत्येक नातेवाईक चहाला आपल्याकडे, आणि यंदा तर बाळ बघायचं निमित्त. तू म्हणायचीस, "आई, आठ दिवस कुणाला आत नको. हात धुतल्याशिवाय तरी उचलू देऊ नका." मी म्हणायचे, माणसं तोडू नकोस. मग कुणीतरी शिंकत आलं, कुणीतरी खोकत आलं. नेमका कुणी आणला हे आता देवालाच माहीत, पण दार मी उघडलं होतं.

विसर्जन झालं आणि तुला ताप भरला. आधी साधा फ्लू म्हणाले. अंग चटका बसेल इतकं तापलं होतं. तू बाळाला पाजायला घेतलंस आणि मी तुझ्या हातातून ते ओढून घेतलं. होय, ओढूनच. तुझा हात तसाच अर्धवट वर राहिला.

"ताप आहे अंगात. तापातलं दूध पाजतात का कधी?"

"मास्क लावलाय मी. हात धुतलेत. आई, द्या ना."

"नीलेश चार महिन्यांचा होता तेव्हा मला टायफॉइड झाला होता. सासूबाईंनी त्याला उचलला आणि वरच्या दुधावर टाकला. बघ, वाढला की नाही सहा फूट?"

"वाढला. पण तो त्या दुधामुळे वाढला की ते दूध असूनही वाढला?"

तुझं हे असं बोलणं मला झोंबायचं. राग आला की मी मालवणीवर येते, तशी आले. "माका शिकवू नको," म्हटलं आणि बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत गेले, दार ओढून घेतलं. तू आतून बोलत राहिलीस. मोठ्याने बोलायचं त्राण नव्हतं तुझ्यात, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला. तू म्हणालीस, "आई, ताप यायच्या आधीपासून मी तिला कुशीत घेतलंय. जे लागायचं ते तिला लागलंय. आता त्यावरचं औषध माझ्या अंगात तयार होतंय आणि नेमकं तेच तुम्ही तोडताय."

मी डब्याचं दूध कालवत होते. माझ्या मनात आलं, पोरीचं डोकं तापाने फिरलंय.

तीन दिवस असे गेले. नीलेश म्हणाला, डॉक्टरांना विचारू. मी म्हटलं, डॉक्टरांनी बाळंतपणं केली असतील, बाळं आम्ही वाढवलीत. बाहेर बाळ रडायचं आणि आत तुझा गाऊन छातीवर भिजायचा. कपडे बदलायला मीच मदत करायचे ना, मला दिसायचं. मी तो ओला गाऊन बादलीत टाकायचे आणि म्हणायचे, पिळून टाक गं, गाठी होतील. तू एकदाही उलट बोलली नाहीस. तेव्हाच मला समजायला हवं होतं की तू किती आजारी आहेस.

चौथ्या दिवशी श्वास लागला. हॉस्पिटलमध्ये न्यूमोनिया निघाला. आणि तिथे तू काय केलंस, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारलंस की दूध काढून पाठवलं तर चालेल ना. ते म्हणाले, चालेल, औषधंही त्या हिशेबाने देतो. संध्याकाळी नीलेश बर्फाच्या पिशवीत दोन छोट्या बाटल्या घेऊन आला. लॅबमधल्या सवयीने तू त्यांच्यावर पट्ट्या चिकटवल्या होत्यास. तारीख, वेळ, आणि खाली बारीक अक्षरात, "गरम पाण्यात ठेवून कोमट करा. उकळू नका."

नीलेश आंघोळीला गेला. मी बाटल्या उघडल्या आणि मोरीत ओतल्या.

लिहिलं एकदाचं. मी तुझं दूध मोरीत ओतलं, मीनल. वर नळ सोडला. तापाचं दूध, त्यात आता अँटिबायोटिक, न्यूमोनियाचं घर, कोण पाजील? मला वाटलं, मी बाळाला वाचवते आहे. बाटल्या धुऊन, उकळून मी नीलेशबरोबर परत पाठवल्या आणि तो निरोप घेऊन आला, "मीनल विचारतेय, प्यायली का?"

"प्यायली, सांग."

दुसऱ्या दिवशी तूच फोन केलास. तोंडावरचा मास्क बाजूला करून बोलत होतीस, मागे कसलं तरी यंत्र टिकटिकत होतं.

"आई, सगळं प्यायली?"

"थेंब ठेवला नाही."

"ढेकर काढलीत ना?"

"काढली हो. तीस वर्षांपूर्वी शिकलेय मी ढेकर काढायला."

तू हसलीस आणि हसता हसता खोकला आला, मग बराच वेळ खोकतच राहिलीस. त्यातूनच म्हणालीस, "आई, थँक यू. मला वाटलं होतं तुम्ही देणार नाही."

चार दिवसांत नऊ बाटल्या आल्या. शेवटच्या दोहोंत तळाशी जेमतेम बोटभर दूध होतं आणि पट्टीवरचं अक्षर लागत नव्हतं. त्याही मी ओतल्या.

पाचव्या दिवशी सकाळी बाळाचं नाक चोंदलं, खोकायला लागलं, दुधाला तोंड लावेना. मी धावत खालच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तपासलं, छाती साफ आहे म्हणाले, ताप नाही, लक्ष ठेवा. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई ॲडमिट आहे ना? तिचं दूध चालू आहे ना?"

मी म्हटलं, "हो, रोज येतं."

"छान. ते बंद करू नका. आईला जो आजार झालाय, त्याच्याशी लढणारं जे तिच्या शरीरात बनतं, ते दुधात उतरतं. बाळाला ते दुसरीकडून कुठून मिळणार? डब्यात ते नसतं."

तू दाराआडून जे म्हणाली होतीस तेच, जवळपास त्याच शब्दांत. पांढरा कोट घातलेल्या माणसाने म्हटलं तेव्हा मला पटलं. तू लॅबमध्ये तोच कोट घालायचीस, पण घरात तू सून होतीस.

त्या संध्याकाळी मी पातेल्यात पाणी गरम करून ठेवलं. वाटी-चमचा उकळून ठेवला. उकळायचं नाही, कोमट करायचं, हे तोंडातल्या तोंडात घोकत होते. ठरवलं होतं की आज खरंच पाजायचं आणि उद्या फोनवर तुला खरं सांगायचं की आजपासून पाजते आहे. तू चिडशील, चिडू दे. मी पाया पडेन तुझ्या, त्यात काय. बेल वाजली तशी मी हात पुसत दार उघडलं. नीलेशच्या हातात पिशवी नव्हती.

"आज नाही दिलं," तो म्हणाला. "तिला मशीनवर घेतलंय."

पातेल्यातलं पाणी गार झालं. मी पुन्हा तापवलं, का ते सांगता येणार नाही. तीन दिवसांनी तू गेलीस. तुला एकदाही शुद्ध आली नाही, म्हणजे माझं "थेंब ठेवला नाही" हे तू शेवटपर्यंत खरं धरून होतीस.

बाळ बरं झालं. चौथ्या दिवशी नाक मोकळं, पुन्हा भुकेने रडायला लागलं. मी तिला घेऊन पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेले आणि दार लावून त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "नक्की कशाने बरी झाली ते सांगता येत नाही. काही ताकद बाळं पोटातूनच घेऊन येतात. पण पहिले तीन आठवडे तिला अंगावरचं मिळालं, अगदी चिकापासून. ते फुकट जात नाही, आजी." मला हे पुरेल असं त्यांना वाटलं असावं. तू त्या दिवशी भांडली नसतीस तर माझ्या मधाच्या बोटावर तेही गेलं असतं. तू तिला जे काही देऊ शकलीस ते मला हरवून दिलंस. तुझ्याशी मी इतकी भांडले, त्यातलं तू जिंकलेलं ते एक भांडण आज माझ्या नातीच्या अंगात आहे. त्यासाठी तुझे उपकार मानू की मी जिंकलेल्या दुसऱ्या भांडणासाठी कपाळ बडवून घेऊ, मला समजत नाही. दोन्ही करते. दिवसभर दुसरं काही करत नाही.

तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी नीलेशला सांगितलं. तो बाळाला बाटली देत होता. मी समोर उभी राहिले, बसायचं धाडस झालं नाही. सगळं सांगितलं, मोरी, नळ, नऊ बाटल्या. त्याने बाटली बाळाच्या तोंडातून काढली नाही. तिला सगळं पिऊ दिलं. मग तिला खांद्यावर घेऊन म्हणाला, "एक एक बाटली भरायला तिला तास लागायचा, आई. नर्स म्हणायची, पुरे आता, दमाल. ही म्हणायची, अजून थोडं."

मी म्हटलं, "नीलेश, मला वाटलं की…"

"माहितीये तुला काय वाटलं." ढेकर आली. त्याने तिचं तोंड पुसलं. "एक बरं केलंस, तिच्याशी खोटं बोललीस. तेवढ्यावर ती चार दिवस जगली."

माझ्या मुलाने आजवर माझे जे काही आभार मानले असतील, त्यांत हेच मला सगळ्यात लागलं. नंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

काल तिचा दीड महिन्याचा डोस होता. सुतकामुळे राहून गेलेला. सकाळी नीलेशने तिला टोपरं घातलं, फाइल घेतली आणि दारात उभा राहून म्हणाला, "चल. तू धर तिला. सुई मला बघवत नाही." आम्ही पालिकेच्या दवाखान्यात गेलो. रांगेत सगळ्या तुझ्या वयाच्या मुली, मांडीवर बाळं, ओढण्या, दुपटी. मी मधे बसले होते. आमचा नंबर आला, मी तिची मांडी घट्ट धरली. दोन्ही मांड्यांवर टोचलं. आधी तिचा आवाजच फुटेना, मग तिने असा टाहो फोडला की रांगेतली बाकीची बाळंही रडायला लागली.

नर्स चांगली होती. कार्डावर लिहिता लिहिता वर न बघताच म्हणाली, "आईला बोलवा आत. लगेच अंगावर घ्यायला सांगा. दोन मिनिटांत शांत होईल."

नीलेश खिडकीकडे वळला. तेवढ्यात तुझ्या मुलीने रडता रडता तोंड फिरवलं आणि माझ्या ब्लाउजवर गाल घासायला लागली. चार आठवडे बाटलीवर राहिलेलं पोर, तरी विसरली नाही. तोंड उघडून, मान इकडे तिकडे करून ती शोधत होती आणि मी तिला दूरही करू शकत नव्हते.

नर्सने वर बघितलं. "आई कुठाय हिची?"

मीनल, मी तिला म्हटलं, "आई नाही. आणि दूध होतं, ते मी ओतून टाकलं." तिला काहीच कळलं नाही. बाळ शोधतच राहिलं, माझ्या छातीवर जिथे तिथे तोंड लावत, आणि माझ्याकडे तिला द्यायला काहीही नव्हतं गं.